बस खासगी झाली तर? आधी विचारा, कंपनीला पैसे कशाचे मिळणार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या शहरातली बससेवा खासगी कंपनीकडे जाणार आहे. सध्याची सेवा रडतखडत चालते, त्यामुळे अर्धे लोक खूश आहेत. उरलेले म्हणतात, भाडं दुप्पट होईल आणि तोट्याचे मार्ग बंद पडतील. खरं काय होतं? माझी बायको दुसरी पाळी संपवून साडेदहाच्या शेवटच्या बसने घरी येते. ती बस राहील का?"

शेवटच्या बसचं शेवटी सांगतो, कारण सगळ्यात नेमकं उत्तर त्याचंच देता येतं.

बावीस वर्षं मी सार्वजनिक बस उपक्रमात काढली. आधी वेळापत्रक विभागात, मग कंत्राटांचे मसुदे करण्यात. नंतरची चार वर्षं कंत्राट घेणाऱ्या कंपनीत, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. या सव्वीस वर्षांत एक गोष्ट वारंवार पाहिली. तोच मार्ग, त्याच बस, बरेचसे चालकही तेच, आणि कंत्राटातलं पैसे देण्याचं कलम तेवढं बदललं की सहा महिन्यांत सेवेची चाल बदलते. म्हणून "खासगी चांगलं की सरकारी" या वादात मी फारसा पडत नाही. कंपनीला पैसे नेमके कशाचे मिळणार आहेत, हे मी आधी विचारतो. प्रवासी बसला त्याचे, बस धावली त्याचे, की बस वेळेवर आली त्याचे?

कारण "खासगीकरण" या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एकात मार्ग, भाडं, वेळा सगळं कंपनी ठरवते आणि शासन फक्त परवाना बघतं. दुसऱ्यात भाडं सरकार ठरवतं, पण तिकिटाचा पैसा बसमालकाच्या खिशात जातो. तिसऱ्यात मार्ग, वेळापत्रक, भाडं, तिकिटाचं उत्पन्न सगळं सरकारी वाहतूक प्राधिकरणाकडे राहतं. कंपनी फक्त बस चालवते आणि किलोमीटरमागे ठरलेला दर घेते. चौथ्यात रूळ, आगार, जमीन यांच्यासकट सगळंच विकलं जातं. तुमच्या शहरात यातलं काय होणार आहे ते प्रश्नात नाही, आणि ते कळल्याशिवाय मीच काय, कोणीही ठाम उत्तर देऊ नये.

पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक समजून घ्यायचा तर इंग्लंडचं उदाहरण फार सोयीचं आहे. एकाच देशात, एकाच काळात दोन्ही प्रयोग झाले. १९८५च्या वाहतूक कायद्यानंतर २६ ऑक्टोबर १९८६पासून लंडनबाहेरची बससेवा खुली झाली. कंपनीने मार्गाची नोंदणी करायची, ठरावीक दिवस आधी कळवायचं आणि बस सुरू करायची किंवा बंद करायची. जिथे कोणीच यायला तयार नाही, तिथे स्थानिक संस्थेने पदरचे पैसे देऊन फेऱ्या विकत घ्यायच्या. लंडन मात्र यातून वगळलं. तिथेही बस पुढे खासगी कंपन्यांकडेच गेल्या, पण मार्ग, भाडं आणि वेळापत्रक लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने हातचं सोडलं नाही. एकेका मार्गाची निविदा काढली.

पुढच्या तीनेक दशकांत लंडनच्या बसमधले प्रवासी जवळपास दुप्पट झाले. बाहेरच्या मोठ्या महानगरी भागांत ते जवळपास निम्म्यावर आले. यात मी कबूल करतो की सगळं श्रेय निविदांचं नाही. लंडनला पैसा जास्त मिळाला, लोकसंख्या वाढली, २००३मध्ये मध्यवर्ती भागात मोटारींना गर्दीशुल्क लागलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. प्रति किलोमीटर खर्च दोन्हीकडे चांगलाच उतरला. खर्च वाचवायला मोकाट स्पर्धा लागली नाही, निविदेनेही तो वाचला. मोकाट स्पर्धेने वेगळंच दिलं. एकाच मार्गावर एकाच वेळी दोन कंपन्यांच्या बस, परस्परांना न चालणारे पास, दर काही महिन्यांनी बदलणारी वेळापत्रकं. डार्लिंग्टन गावात १९९४च्या सुमारास स्पर्धा इतकी पेटली की एका मोठ्या कंपनीने चक्क फुकट बस चालवल्या. गावाच्या मालकीची जुनी बस कंपनी त्यात बुडाली. मक्तेदारी आयोगाने नंतर त्या मोठ्या कंपनीवर कडक ताशेरे ओढले, पण बुडालेली कंपनी काही परत आली नाही.

आता दुसरा प्रकार, तिकिटाचे पैसे मालकाला. हा कागदावर सगळ्यात पटणारा वाटतो: प्रवासी आणाल तर कमवाल. प्रत्यक्षात काय होतं ते थांब्यावर उभं राहून बघा. चालकाची नजर रस्त्यावर नसते, डाव्या आरशात असते. बस पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत उभी, पुढचे दहा प्रवासी घामाघूम, आणि चालक वाट बघतोय मागच्या बसची. मागची बस आरशात दिसली रे दिसली की हा सुसाट सुटतो, कारण पुढच्या थांब्यावरची माणसं त्याच्या आधी उचलायची असतात. म्हणजे थांबतो तेव्हा गरजेपेक्षा जास्त, आणि पळतो तेव्हाही गरजेपेक्षा जास्त. पासधारक विद्यार्थी किंवा सवलतीचा ज्येष्ठ नागरिक हात करत असेल तर बस पुढे जाऊन थांबते. हे चालकाच्या स्वभावामुळे होत नाही, त्याच्या हिशेबामुळे होतं. दक्षिण अमेरिकेत याला पैशापैशाची लढाई अशा अर्थाचं नावच पडलेलं आहे. दिल्लीतल्या ब्लूलाइन बसही याच हिशेबावर चालत. त्यांच्याखाली इतके लोक सापडले की अखेर त्या टप्प्याटप्प्याने रस्त्यावरून काढाव्या लागल्या.

मग उलट टोक गाठलं तर? चिलीच्या सॅंटियागो शहराने १० फेब्रुवारी २००७ला तेच केलं. जुनी, तिकिटावर कमिशन देणारी पद्धत एका दिवसात बंद आणि नवी, आखीव जाळ्याची व्यवस्था सुरू. पण सुरुवातीच्या करारांत कंपन्यांच्या उत्पन्नाची हमी इतकी पक्की होती की प्रवासी आले काय, न आले काय, फारसा फरक पडत नव्हता. परिणाम असा की ठरलेल्या संख्येइतक्या बस रस्त्यावर आल्याच नाहीत, थांब्यांवर रांगा लागल्या आणि मेट्रोत पाय ठेवायला जागा उरली नाही. करार पुन्हा पुन्हा बदलावे लागले.

तुमच्याकडे बहुधा तिसरा प्रकार येईल, किलोमीटरमागे दर. आजकाल तोच जास्त चालतो आणि माझ्या मते पाया म्हणून तोच बरा आहे. पण त्यातली खोच नीट समजून घ्या, कारण माझे सगळ्यात जास्त केस त्यातच पांढरे झाले.

आठ तासांची पाळी धरा. सरासरी वेग ताशी १६ किलोमीटर असेल तर बस १२८ किलोमीटर धावते. दोन-तीन वर्षांत रस्त्यावर गाड्या वाढल्या, वेग १२वर आला, की त्याच पाळीत ९६ किलोमीटर होतात. कंपनीची कमाई पाव हिश्शाने घटली. चालकाचा पगार तोच, बसच्या कर्जाचा हप्ता तोच, इंधन तर रखडत चालल्यामुळे किलोमीटरमागे जास्तच. कंपनी काय करेल? एका कंत्राटात आम्हाला याचं उत्तर फार उशिरा कळलं. संध्याकाळी बस कमी पडतात अशा तक्रारी येत होत्या आणि महिन्याचा अहवाल मात्र झकास: ठरलेल्यापैकी ९६ टक्के किलोमीटर पूर्ण. आमच्या विभागातल्या एका तरुण लिपिकाने सहज म्हणून बिघाडांची यादी तारखेऐवजी वेळेनुसार लावली. सगळे बिघाड संध्याकाळी साडेपाच ते साडेसात! दुपारी दोन ते चार, रस्ता मोकळा असताना, एकही बस बिघडत नव्हती. उलट दुपारी जादा फेऱ्या मारून किलोमीटर भरून काढले जात होते. रिकाम्या बस सुसाट, आणि गर्दीच्या वेळी "क्लच गेला", "एअर प्रेशर धरत नाही". नियम एकही मोडला नव्हता. किलोमीटर मागितले होते, किलोमीटर मिळाले.

पुढच्या कराराचा मसुदा मी वेगळा केला. दराचे तीन तुकडे: बस तयार ठेवण्याचे दरमहा पैसे, चालकाच्या तासांचे पैसे आणि किलोमीटरचे पैसे. किलोमीटरच्या तुकड्यात फक्त इंधन, टायर आणि झीज. असं केलं की वाहतूककोंडीचा फटका एकट्या कंपनीवर पडत नाही. तिने तो सोसावा असा आग्रह धरण्यातही अर्थ नसतो, कोंडी काही तिने केलेली नसते. आणि दंड सरसकट न ठेवता वेळेनुसार ठेवला. गर्दीच्या वेळची रद्द फेरी दुपारच्या फेरीच्या चौपट महाग.

दुसरी खोच वक्तशीरपणाची. दर दहा मिनिटांना बस असेल आणि ती खरोखर दहा-दहा मिनिटांनी आली, तर प्रवाशाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस जोडीने आल्या, दर वीस मिनिटांना दोन, तर सरासरी थांबणं दहा मिनिटं. फेऱ्या तेवढ्याच, किलोमीटर तेवढेच, बिलही तेवढंच. प्रवाशाचा वेळ मात्र दुप्पट गेला, आणि जोडीतली मागची बस रिकामी. लंडनने २००१च्या सुमारास या जादा थांबण्याच्या वेळेलाच मोजमाप केलं आणि कंपन्यांचा बोनस-दंड त्याला बांधला. जीपीएस आल्यापासून हे कोणालाही मोजता येतं. तुमच्या निविदेत हे मोजमाप आहे का ते बघा. नसेल तर बस जोडीनेच येतील, बघाच.

भाडं दुप्पट होईल का? तिसऱ्या प्रकारात भाडं कंपनी वाढवू शकत नाही, ते राजकीय निर्णयानेच वाढतं. पण वाट आडवळणाची असते. पहिल्या निविदेत दर बहुधा उतरतो. बचत कुठून येते याबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. थोडी चांगल्या व्यवस्थापनातून, म्हणजे सुट्या भागांची खरेदी, पाळ्यांची बांधणी, उभ्या बस कमी करणं यातून. आणि बरीचशी चालकांच्या पगारातून आणि सवलतींतून. कंपनीत असताना मी स्वतः तो तक्ता भरलाय. जुन्या उपक्रमातला अनुभवी चालक आणि नवा कंत्राटी चालक यांच्या पगारातला फरक हाच आमच्या दराचा गाभा होता. स्वस्त चालक वर्षभरात सोडून जातो, नव्याला मार्ग कळेपर्यंत दोन आरसे फुटतात. दुसऱ्या निविदेच्या वेळी हा सगळा खर्च दरात परत येतो. तोवर लहान कंपन्या बाहेर पडलेल्या असतात, आणि पहिल्यांदा आठ जण आले तिथे आता दोघेच येतात. मग दर वाढतो, प्राधिकरणाची तूट वाढते, आणि भाडेवाढीचा प्रस्ताव पुढे येतो. तेव्हा लोकांना वाटतं कंपनीने भाडं वाढवलं.

स्पर्धा टिकवायची तर आगार सार्वजनिक मालकीचं राहिलं पाहिजे, यावर माझं मत ठाम आहे. ज्याच्याकडे शहरात बस उभ्या करायला जागा, तोच पुढची निविदा जिंकतो. बाहेरच्याने रोज रात्री तीस किलोमीटर रिकाम्या बस पळवायच्या का? सिंगापूरने २०१६पासून जी पद्धत आणली, तीत बस आणि आगारं दोन्ही सरकारची आणि कंपनी फक्त चालवणारी. पाच वर्षांचं कंत्राट, काम चांगलं असेल तर आणखी दोन वर्षं. कंपनी बदलली तरी प्रवाशाला पत्ताही लागत नाही. आगाराची मोक्याची जमीन "विकासाला" काढण्याचा मोह होतो तेव्हा हे कोणी आठवत नाही, हा भाग वेगळा.

सगळ्यात कमी दराच्या किंवा सरकारला सगळ्यात जास्त पैसे देऊ करणाऱ्या निविदेलाही भुलू नका. ब्रिटनमधल्या ईस्ट कोस्ट रेल्वेमार्गाची गोष्ट सांगतो. प्रवासी भरपूर वाढतील असं गृहीत धरून कंपन्यांनी सरकारला मोठमोठ्या रकमा देऊ केल्या आणि २००६ ते २०१८ या काळात एकामागून एक तीन कंपन्यांचे करार मुदतीआधी कोसळले. गाड्या मात्र एक दिवसही बंद राहिल्या नाहीत, कारण २००९मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये सरकारनेच त्या चालवायला घेतल्या. कंपनी हात वर करू शकते, सरकार करू शकत नाही, आणि हे बोली लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. "सगळी जोखीम कंपनीवर टाकली" असं कोणी सांगितलं की मला म्हणूनच हसू येतं.

रुळांसकट विक्रीच्या चौथ्या प्रकाराबद्दल थोडंच लिहितो, तुमचा प्रश्न बसचा आहे. ब्रिटनने रेल्वे विकताना रूळ एका कंपनीकडे, गाड्या दुसऱ्यांकडे आणि देखभाल आणखी तिसऱ्यांकडे दिली. १७ ऑक्टोबर २०००ला हॅटफील्डला रूळ तुटून अपघात झाला, चार माणसं गेली. मग लक्षात आलं की रुळांना कुठे कुठे तडे आहेत याची पूर्ण माहिती रूळमालक कंपनीकडेच नव्हती, कारण रूळ बघणारी माणसं कंत्राटदारांची. देशभर वेगमर्यादा लागल्या, वर्षभरात कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००२मध्ये रूळ एका ना-नफा कंपनीकडे आले. याच्या उलट जपान. १ एप्रिल १९८७ला तिथली राष्ट्रीय रेल्वे प्रदेशवार कंपन्यांत फोडली, पण प्रत्येक प्रवासी कंपनीकडे आपले रूळ आणि गाड्या एकत्र ठेवल्या. गर्दीच्या भागातल्या तिन्ही कंपन्या उत्तम चालल्या. मात्र तिथेही सुमारे ३७ लाख कोटी येनच्या जुन्या कर्जाचा मोठा भाग कंपन्यांवर न टाकता वेगळ्या सरकारी महामंडळावर ठेवला होता. आणि विरळ वस्तीच्या होक्काइदोतल्या कंपनीने २०१६मध्ये सांगून टाकलं की जवळपास निम्मे मार्ग एकट्याने चालवणं तिला शक्य नाही. जिथे प्रवासी नाहीत, तिथे मालक बदलून प्रवासी येत नाहीत.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. एक, तुमच्या प्राधिकरणाकडे कंत्राट सांभाळणारी माणसं उरणार आहेत का. बहुतेक ठिकाणी सेवा दिली की नियोजन विभागही मोडीत काढतात. वेळापत्रक जाणणारे निवृत्त होतात, आणि कंपनीने पाठवलेला अहवाल वाचणाराही उरत नाही. आमच्या त्या लिपिकासारखा एक माणूस शंभर दंडकलमांपेक्षा जास्त कामाचा. दोन, प्राधिकरण पैसे वेळेवर देतं का. कंपनीत असताना चार-चार महिने बिलं अडकलेली मी पाहिलीत. मग कंपनी चालकांचे पगार थकवते, चालक एक दिवस सकाळी आगाराच्या दारात बसतात, आणि लोक खासगीकरणाच्या नावाने बोटं मोडतात. खरा थकबाकीदार भलताच असतो. यावर उपाय आहे. तिकिटाचं उत्पन्न आधी वेगळ्या राखीव खात्यात जमा व्हावं आणि त्यातून बिलं परस्पर चुकती व्हावीत. तीन, कंत्राट संपण्याची तारीख. शेवटच्या दीड-दोन वर्षांत कंपनी बसवर खर्च करत नाही. आधी सीटचे फोम जातात, मग एसीची गाळणी, मग टायर. परत देताना बस कोणत्या अवस्थेत हव्यात हे लिहिलेलं नसेल तर भंगार हाती येतं.

आणि एक, ज्यांना वाटतं की एकदा दिलं की परत घेता येत नाही, त्यांच्यासाठी. ग्रेटर मॅंचेस्टरने १९८६ला मोकळी सोडलेली बससेवा सप्टेंबर २०२३पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा प्राधिकरणाच्या ताब्यात आणली आणि जानेवारी २०२५मध्ये ते काम पुरं केलं. बस आजही खासगी कंपन्याच चालवतात. पण मार्ग, भाडं आणि वेळा आता त्या ठरवत नाहीत. वेळ मात्र किती गेला बघा, सदतीस-अडतीस वर्षं.

आता तुमच्या बायकोची साडेदहाची बस. ती तोट्यातच असणार, त्यात पंधरा-वीस प्रवासी असतील. पण ती बस आहे या भरवशावर ती माणसं जाताना दुपारची बस पकडतात. ती काढली की दुपारचेही प्रवासी जातात, दुचाकी घेतात. तिकिटांच्या हिशेबात हे कुठेच दिसत नाही, म्हणून तिकिटावर जगणारी कंपनी ती बस पहिली काढते. किलोमीटरवर जगणारी कंपनी ती आनंदाने चालवेल, रात्री रस्ता मोकळा असतो! तेव्हा ती बंद करेल तर प्राधिकरणच, खर्च कमी करायला.

म्हणून निविदेच्या मुख्य मजकुरात वेळ घालवू नका, मागे जोडलेलं वेळापत्रकाचं परिशिष्ट मिळवा. प्रत्येक मार्गापुढे पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ तासामिनिटांत लिहिलेली असेल तर ती बस कंत्राट संपेपर्यंत बरीचशी सुरक्षित आहे. तिथे "मागणीनुसार" किंवा "भारमान पाहून" (म्हणजे बस किती भरते ते पाहून) असं लिहिलेलं असेल, तर ती पहिल्या वर्षातच जाईल असं धरून चाला. निविदा उघडण्याआधी सूचना-हरकतींची मुदत असेल, तर दुसऱ्या पाळीच्या पंधरा-वीस जणांच्या सह्यांचा अर्ज त्यात द्या. त्यात मार्ग क्रमांक, थांबा आणि वेळ नेमकी लिहा. "रात्रीची सेवा सुरू ठेवावी" असा मोघम अर्ज फायलीत जातो. "अमुक मार्गाची २२.३०ची फेरी परिशिष्टात घालावी" असं लिहिलंत तर टेबलावरच्या माणसाला होय किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं. मी त्या टेबलावर बसलेलो आहे, म्हणून सांगतो.